न्हाणीघरातील बॉयलर



या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, अध्यात्म अशा थोर विषयांवर विद्वान माणसे बोलत असतात. माझी गोष्ट वेगळी. शाळेने मला सातवीनंतर निरोप दिला, आणि पुढचे शिक्षण गिरणीच्या पाळीत, सार्वजनिक वाचनालयात व युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा चालकांनी मला बोलाविले, त्या वेळी मी किमान वेतनावर अथवा कामगार कायद्यांवर बोलेन असा त्यांचा समज झाला असल्यास नवल नाही. मी मात्र विषय निवडला आहे तो आंघोळीचे पाणी तापविण्याच्या यंत्राचा, त्याच्या दुरुस्तीचा आणि ते केव्हा बदलावे याचा.

यवतमाळच्या वैशाखात नळालाच कढत पाणी येते, मग गिझरचे व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. पण छपराची डागडुजी जशी पावसाआधी करावयाची असते, तशी या यंत्राची निगा ते बंद असताना, म्हणजे आजच्या दिवसांतच घ्यावयाची असते. मार्गशीर्षाच्या थंडीत पहाटे ते बिघडते, तेव्हा मिस्त्री मिळत नाही. मिळाला तर त्याला वेळ नसतो. आणि वेळ असला तरी आपल्याला धीर नसतो. घाईत झालेली दुरुस्ती ही बहुधा पुढच्या बिघाडाची पायाभरणी असते.

आपल्या घरांतून फार जुना काळ जाऊ द्या, पण कालपरवापर्यंत तांब्याचा बंब होता. मधे जाळाची नळी, भोवती पाणी, खाली राख पडावयाची जाळी. त्यात काटक्या, गोवऱ्या, पऱ्हाट्या, जे मिळेल ते जळत असे. तांबटाने ठोकून केलेला हा बंब दोनदोन पिढ्या चाले. तो गळला तर डाग देता येई, आणि अगदीच निकामी झाला तर तांबे मोडीत देऊन पैसे येत. त्याच्या जागी आता विजेची टाकी भिंतीवर चढली आहे. तिला आपण गिझर म्हणतो. हा शब्द मूळचा आइसलंडमधील एका उसळत्या गरम झऱ्याच्या नावावरून आला. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थाने गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र काढले व त्याला हे नाव दिले. पुढे १८८९ च्या सुमारास एडविन रूड या नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या यंत्रज्ञाने आपोआप चालणारी साठवणीची टाकी बनविली. आज आपल्या भिंतीवर जी टाकी आहे, ती या घराण्यातली.

बंब आणि गिझर यांत एक मोठा फरक आहे. बंब उघडा होता. त्याच्या पोटात काय चालले आहे ते डोळ्यांनी दिसे, झाकण काढून हात घालता येई. गिझर सर्व बाजूंनी बंद आहे. जे दिसत नाही त्याची काळजी माणूस घेत नाही, आणि म्हणून त्याच्या पोटात काय चालते हे आधी समजून घेतले पाहिजे.

दोष यंत्राचा की पाण्याचा?

गिझर बिघडला की आपण कंपनीला नावे ठेवतो. कंपन्यांची वकिली मी करणार नाही, तो माझा धंदा नव्हे. परंतु आपल्या जिल्ह्यात गिझरचा पहिला शत्रू पाणी हाच आहे.

हे पाणी कसले आहे ते आपल्या घरातील गृहिणींना प्रयोगशाळेवाचून कळते. ज्या विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात व बादलीच्या काठाला पांढरी कड धरते, ते पाणी जड. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात. पावसाचे पाणी जड नसते. ते जमिनीत मुरताना हवेतला व मातीतला कर्बवायू घेते, किंचित आंबट होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून आपल्याबरोबर आणते. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. वणी, झरीच्या बाजूस चुनखडकाचे थर आहेत. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या आपणांस ठाऊक आहेत. ज्या दगडाचा तेथे चुना होतो, त्याचाच अंश बोअरमधून आपल्या घागरीत येतो.

यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह यांचे जे धरणाचे पाणी मिळते, ते बोअरच्या मानाने मऊ. पण २०१८ च्या उन्हाळ्यातील टंचाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावयास नको की नळ रुसला की आपण सारे बोअरकडे आणि टँकरकडे धावतो. त्या महिन्यांत गिझरच्या टाकीत काय जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तो हिशेब आपण आज मांडून पाहू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला समजतात, आणि दुसरा मार्गच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. यातला एक भाग असा असतो की, पाणी तापले की तो विरघळलेला राहत नाही. कर्बवायू निघून जातो आणि चुनखडीची भुकटी तळाशी बसते. समजा हा भाग लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे, आणि घरात रोज ५० लिटर गरम पाणी लागते. म्हणजे दिवसाला १५ ग्रॅम. वर्षाचे साडेपाच किलोच्या जवळ जातात. सारेच काही टाकीत बसत नाही. बरेचसे पाण्याबरोबर बादलीत उतरते. परंतु पाचवा हिस्सा जरी मागे राहिला, तरी वर्षाकाठी किलोभर दगड आपण भिंतीवरच्या टाकीत साठवीत असतो. जुन्या टाकीचे तोंड उघडले की आतून चुन्याचे खडे व पापुद्रे ओंजळी-ओंजळीने निघतात, त्याचे कारण हे आहे.

आता या दगडाने नेमके काय होते? येथे बंब आणि गिझर यांचे दुखणे निराळे आहे. बंबाच्या नळीवर चुना चढला की जाळाची धग पाण्यापर्यंत पोचत नाही, ती धुराड्यावाटे निघून जाते, आणि लाकूड जास्त लागते. वाफेच्या एंजिनाचेही तेच. आपली शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर चालत होती. वाफेच्या एंजिनाचा बॉयलर ठराविक दिवसांनी थंड करून, झाकणे काढून धुवावा लागतो. ती धुलाई टाळली तर कोळसा वाया जातो आणि पत्रा जळतो, हे लोकोशेडमधील अल्पशिक्षित खलाशालाही माहीत असे.

विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिची उष्णता जाणार कोठे? उशिरा का होईना, ती पाण्यातच जाते. म्हणून विजेचे बिल चुन्यामुळे दुप्पट होते असे जे कोणी सांगतात, ते खरे नव्हे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यावयास सुमारे पाऊण युनिट लागते, आणि दोन हजार वॉटच्या कॉइलला त्यासाठी वीस-एकवीस मिनिटे पुरतात. चुन्याची मार बसते ती कॉइलच्या जिवावर. अंगावर दगडाची गोधडी पांघरलेली कॉइल आपली उष्णता बाहेर टाकू शकत नाही. ती आतल्या आत तापत जाते, तिचे कवच तडकते आणि एके दिवशी ती जळते. जळताना कवच फुटले तर वीज थेट पाण्यात उतरते. म्हणजे चुन्याचा प्रश्न बिलापुरता राहत नाही, तो माणसाच्या प्राणापर्यंत जातो.

टाकीसाठी झिजणारी कांडी

या टाकीत आणखी एक कामगार असतो. त्याचे नाव मालकाला बहुधा ठाऊक नसते. तो म्हणजे मॅग्नेशियमची कांडी. टाकी पोलादाची, आतून काचेसारख्या मुलाम्याची. मुलाम्याला कोठे तरी बारीक तडा असतोच, आणि तेथे गंज धरावयाचा. पण पोलादापेक्षा अधिक सहज झिजणारा धातू जवळ ठेवला, तर पाणी आधी त्याला खाते आणि पोलाद वाचते. ही युक्ती १८२४ साली हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचविण्यासाठी दाखविली. याच डेव्हीची व्याख्याने १८१२ साली एक बुकबाइंडरचा उमेदवार ऐकावयास जात असे व टिपणे काढीत असे. त्याचे नाव मायकेल फॅरेडे. व्याख्यानास आलेल्या साध्या माणसाच्या हातून पुढे काय घडेल हे सांगता येत नाही, म्हणून हे जाता जाता सांगितले.

ही कांडी स्वतः झिजून टाकी राखते. जड व क्षारयुक्त पाण्यात ती लवकर संपते. आपल्याकडे ती वर्षातून एकदा काढून पाहावी आणि निम्म्याहून अधिक झिजली असेल तर बदलावी. ती संपल्यावर टाकी काही महिन्यांत वा वर्षांत गळू लागते, आणि मग आपण म्हणतो, आजकालच्या वस्तूच टिकत नाहीत. टाकीच्या किमतीच्या मानाने कांडीची किंमत अगदी थोडी. पण ती बदलावी लागते हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही.

तीन मृत्यू

आता मी ज्या गोष्टींसाठी हा विषय घेतला, त्या सांगतो. न्हाणीघरात मृत्यू तीन वाटांनी येतो: दाबाने, विजेने आणि वायूने.

पहिला दाब. पाणी तापले की फुगते. २० अंशांचे १५ लिटर पाणी ६० अंशांवर नेले की सुमारे पाव लिटर वाढते. बंद टाकीत हे पाव लिटर जावे कोठे? त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थेंब थेंब पाणी पडले तर तो बिघाड नव्हे. तो आपले काम करीत आहे. परंतु टपटप सहन होत नाही म्हणून कित्येक घरांत त्याला बूच मारलेले, सुतळी-सफेदा लावून बंद केलेले मी पाहिले आहे. कित्येक ठिकाणी बूच मारावयाचीही गरज नसते, चुनाच ते काम करतो. अशा वेळी थर्मोस्टॅट चिकटला आणि कटआउटही चालला नाही, तर पाणी शंभर अंशांच्या वर तापत राहते. टाकी फाटली की त्या कोंडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि एका लिटर पाण्याची सोळाशे लिटरांहून अधिक वाफ होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. भिंत उभी राहत नाही, तेथे माणसाचे काय!

दुसरी वीज. ओल्या अंगाला विजेचा अटकाव फार थोडा. आपला भरवसा अर्थिंगवर असतो. आता आपली जमीन पाहा. काळी माती पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंग चांगले लागते. चैत्र-वैशाखात तीच माती हातभर भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि अर्थिंगची तार नुसती शोभेला उरते. म्हणून घर बांधताना एकदा केलेले अर्थिंग जन्मभर पुरते असे समजू नये. खड्ड्यात पाणी घालावे, आणि दरवर्षी तारतंत्र्याकडून मापून घ्यावे. साध्या टेस्टरने ते कळत नाही. काही ठिकाणी अर्थिंगच नसते, आणि प्लगमध्ये न्यूट्रलची तारच अर्थला जोडून दिलेली असते. तो उघड गुन्हा आहे. अशी जोडणी केलेल्या घरात न्यूट्रल तुटला की गिझर, नळ, सारेच विजेचे होते. याशिवाय ३० मिलिॲंपिअरला तुटणारा गळती-रोधक स्विच बसवावा. तो माणसाचे प्राण जाण्याच्या आधी वीज तोडतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवा दमट असते, आणि न्हाणीघर तर बारमास दमट. तारांचे जोड हिरवे पडतात, प्लगच्या पिना काळ्या पडतात. पिन काळी दिसली की तेथे ठिणगी पडते आहे असे समजा. ज्यांच्या घरी गिझर नाही व बादलीत रॉड टाकून पाणी तापवितात, त्यांना एकच विनंती: बटन बंद करून, प्लग काढून, मगच पाण्यात बोट घाला. धातूच्या बादलीत रॉड लावूच नका.

तिसरा वायू. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात पेटविला की आतला प्राणवायू संपत जातो आणि अपुऱ्या ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. वणीकडील कोळशाच्या खाणींत काम केलेल्या मंडळींना विषारी वायू म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. ब्रिटनमधील खाणींत या वायूची चाहूल लागावी म्हणून १९११ पासून १९८६ पर्यंत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत असत; पक्षी आधी पडे आणि माणूस वाचे. आपल्या न्हाणीघरात पक्षी नसतो. तेथे घरातली लेक असते, नातू असतो, कडी आतून लावलेली असते, आणि बाहेरच्यांना वाटते की आंघोळीला वेळ लागतो आहे. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. त्याला दुसरा उपाय नाही.

बॉयलरचा कायदा आणि घराची टाकी

मी कामगार चळवळीतला माणूस आहे, तेव्हा कायद्याचे थोडे सांगू द्या. १८६३ साली कलकत्त्यास बॉयलरचा भीषण स्फोट झाला. त्यानंतर १८६४ साली बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला, आणि १९२३ साली साऱ्या देशासाठी एक कायदा आला. त्याच १९२३ साली कामावर अपघात झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदाही आला. बॉयलरच्या जुन्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आहे, पण तत्त्व तेच: बॉयलरची नोंद हवी, तपासणी हवी, दाखला हवा, आणि तो चालविणारा माणूस परीक्षा दिलेला हवा. हे शहाणपण कोणी आपण होऊन दिलेले नाही. आधी माणसे मेली, मग कायदा झाला.

या कायद्यातून २५ लिटरहून लहान भांडे वगळले आहे, आणि ज्यात पाणी शंभर अंशांच्या खालीच तापते तेही वगळले आहे. ते योग्यच आहे; घरोघर निरीक्षक फिरू शकत नाही. पण त्याचा अर्थ असा की आपल्या न्हाणीघरातील या लहान बॉयलरचा निरीक्षक कोणी नाही, दाखला नाही, धुलाईची तारीख नाही. त्याचे रक्षण दोनच माणसे करू शकतात: घरचा मालक आणि मिस्त्री. मालकाला माहिती नसते. आणि मिस्त्री?

आमच्या कचेरीत एक मिस्त्री येत असतो. तो मला म्हणाला, "भाऊ, कॉइल बदलली त पैसे भेटते. टाकी धुतली त लोक म्हणते, तू त काहीच टाकलं नाही, पैसे कायचे घेतं?" या दोन वाक्यांत साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, श्रमाचे देत नाही. मग मिस्त्रीने करावे काय? तो जळलेली कॉइल काढतो, टाकीतला चुना तसाच ठेवतो, नवी कॉइल त्याच चुन्यात रोवतो आणि पुढच्या घरी जातो. ती कॉइल दुसऱ्या हिवाळ्यात जळते. आपण त्याला पुन्हा बोलावितो, पुन्हा वस्तूचे पैसे देतो, आणि मनात म्हणतो की हा माणूस लबाड आहे. लबाडी त्याची नव्हे. आपण जी मजुरीची रीत पाडली आहे, तिचे ते फळ आहे. ज्या कामाचे दाम नाही ते काम होत नाही. हा न्याय गिरणीला लागू आहे, शेताला लागू आहे आणि न्हाणीघरालाही लागू आहे.

हा मिस्त्री कोण असतो, याचाही विचार करा. त्याला ठराविक पगार नाही, रजा नाही. तो स्टुलावर उभा राहून ओल्या भिंतीवर काम करतो, आणि घरातला कोणी मुलगा 'लाइट गेली वाटते' म्हणून बटन चालू करतो. शॉक बसून तो पडला तर त्याच्या मागे कोण उभे आहे? कारखान्यातील कामगाराला मालक दाखविता येतो. याचा मालक कोण? त्या एका तासापुरते तर आपणच. म्हणून मिस्त्री घरी काम करीत असेल तेव्हा मुख्य स्विच पाडून, कोणी तरी त्याजवळ उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे. तो उपकार नव्हे.

करावयाचे काय?

आता व्यवहाराचे सांगतो.

प्रथम, वर्षातून एकदा, या उन्हाळ्याच्या दिवसांत, टाकी धुऊन घ्या. निव्वळ बोअरचे पाणी असेल तर दोनदा. मुख्य स्विच पाडावा, येणारे पाणी बंद करावे, पाणी थंड झाल्यावर टाकी रिकामी करावी, खालचे तोंड उघडून चुना काढावा. कॉइल लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत ठेवावी. चुना फसफसून सुटतो. संडास धुण्याचे ॲसिड वापरू देऊ नये, ते चुन्याबरोबर धातूही खाते. कांडी पाहावी, रबराचे वायसर नवे घालावे, सेफ्टी व्हॉल्व्ह हलवून पाहावा, अर्थिंग मापावे. तोंड बंद केल्यावर टाकी पाण्याने पूर्ण भरली, गरम पाण्याच्या नळाला धार आली, की मगच वीज चालू करावी. या कामाला तासदीड तास लागतो. त्या वेळेची मजुरी आधी ठरवावी आणि वस्तू बदलली नाही तरी ती पूर्ण द्यावी.

दुसरे, पाणी गरजेपुरतेच तापवा. जितके अधिक तापवाल तितका चुना अधिक बसतो. ६० अंशांच्या पलीकडे जाण्याचे घरात काहीच कारण नाही. मात्र फार कोमट पाणी दिवसेंदिवस टाकीत साठवूनही ठेवू नये. त्यात रोगजंतू वाढतात. ६० अंशांचे पाणीही अंगाला काही सेकंदांत भाजते. आपल्या आज्या विसण घालीत असत, ती रीत चांगली होती. फक्त लहान मूल घरात असेल तर बादलीत थंड पाणी आधी घ्यावे आणि गरम मागून.

तिसरे, गिझरचे पाणी चहाला, स्वयंपाकाला घेऊ नये. शिवाय आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरीकडे भूजलात फ्लोराइडचा उपद्रव आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटले की तो दाट होतो.

चौथे, दुरुस्ती कोठवर आणि नवा गिझर केव्हा? कॉइल, थर्मोस्टॅट, कटआउट, वायसर, व्हॉल्व्ह, कांडी, हे सारे बदलता येते. एवढ्यासाठी गिझर टाकून देणे म्हणजे बैलगाडीची कुणी मोडली म्हणून गाडी विकणे. गळती दिसली तर आधी वायसर आणि जोड पाहा. पण टाकीलाच भोक पडले असेल तर तिला डाग देऊ नका. मुलाम्याच्या टाकीला वेल्डिंग केले की आतला मुलामा जळतो आणि टाकी दाबाला भरवशाची राहत नाही. तेथे नवी घ्यावी, आणि घेताना भारतीय मानकाची खूण पाहावी, कांडी मिळते काय ते विचारावे, सुटे भाग गावात मिळतात काय ते विचारावे. ज्याचे भाग गावात मिळत नाहीत तो गिझर स्वस्त असला तरी महाग आहे.

पाचवे, नळीला लोहचुंबक बांधले की पाणी मऊ होते असे सांगणारे विक्रेते येतात. चुंबकाने कॅल्शियम पाण्यातून निघून जात नाही, एवढे त्यांना सांगा. पाणी खरोखर मऊ करणारी यंत्रे आहेत. ती कॅल्शियम घेऊन सोडियम देतात आणि त्यांना वेळोवेळी मीठ घालावे लागते. ती घेणे परवडत असेल त्याने घ्यावीत. सूर्यावर पाणी तापविणे आपल्या उन्हाच्या जिल्ह्याला शोभणारे आहे. पण जड पाणी त्याच्याही नळ्या चोंदविते, तेव्हा घेण्यापूर्वी पाणी तपासा. स्वस्तात स्वस्त मऊ पाणी आकाशातून पडते. पत्र्यावरचे पावसाचे पाणी गाळून टाकीत घेतले, तर ते महिने तरी गिझरला विश्रांती मिळते.

शेवटचे एक सांगतो. कामगारांच्या सभांतून मी आयुष्यभर सांगत आलो की, यंत्र हे माणसासाठी आहे, आणि यंत्राची निगा राखणारा माणूस यंत्राहून मोठा आहे. ते वाक्य टाळ्या घेते. परंतु त्याची परीक्षा सभेत होत नाही; ती घरात होते, जेव्हा मिस्त्री हात धुऊन उभा राहतो आणि आपण खिशात हात घालतो. त्या वेळी 'तू काय बदललेस?' असे न विचारता 'काय काय तपासलेस ते दाखव' असे विचारा, ते नीट पाहून घ्या, आणि त्याच्या तासाचे पैसे घासाघीस न करता द्या. हे यवतमाळातील शंभर घरांनी या उन्हाळ्यात केले, तर पुढच्या हिवाळ्यात शंभर न्हाणीघरे निर्धास्त होतील आणि काही मिस्त्र्यांना धुलाईचे काम हक्काचे मिळेल. ज्या ठिकाणी सरकारचा निरीक्षक पोचू शकत नाही, त्या ठिकाणी नागरिकानेच निरीक्षक व्हावयाचे असते.